हरणाऱ्याच्या जागी बसून पाहा

गेल्या दिवाळीत जव्हारच्या आमच्या ओटीवर पानिपतचा पट मांडला होता. षटकोनी घरांची जाळी काढलेला नकाशा आणि पुठ्ठ्याच्या अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकोनी सोंगट्या. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे: डावीकडचा लढण्याच्या ताकदीचा, उजवीकडचा एका डावात किती घरं चालता येईल त्याचा. भाचा भाऊसाहेबांच्या बाजूला बसला होता, मी अब्दालीच्या. तासभर खेळ झाला असेल, तेवढ्यात शेजारचे निवृत्त गुरुजी आले. उभ्या उभ्याच त्यांनी पटावर नजर टाकली आणि म्हणाले, "तुम्ही अब्दाली झालात? लाख बांगडी फुटली तिथं, आणि तुम्ही फासे टाकताय?"

चार दिवसांनी ठाण्याचा एक मित्र आला. असे खेळ तो वीस वर्षं खेळतोय. त्यानंही तोच पट मांडला, दोनदा खेळला आणि निकाल देऊन टाकला, "नऊपैकी पाच. मराठ्यांना जिंकायला वावच नाही. समतोल नसलेला खेळ कोण विकत घेणार?"

ही दोन्ही माणसं मला जवळची आहेत आणि दोघांनाही इतिहासाबद्दल मनापासून आस्था आहे. तरी दोघांचंही म्हणणं मला मान्य नाही. वरवर पाहता ती दोन टोकांची वाटतात. एकाला इतिहासाचा खेळच नको आहे, दुसऱ्याला खेळ हवा आहे पण बरोबरीचा. मुळाशी मात्र दोघांचा नकार एकच आहे: अवघड जागी बसायचा. गुरुजींना शत्रूच्या जागी कुणी बसलेलं चालत नाही, आणि माझ्या मित्राला हरणाऱ्याच्या जागी स्वतः बसायचं नाही. माझं म्हणणं असं की इतिहास कळतो तो नेमका या दोन जागांवर बसून.

आधी मित्राचं घेतो, कारण त्याच्या शेऱ्यामागे मोठी परंपरा उभी आहे. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली अमेरिकेत 'टॅक्टिक्स' हा पटावरचा युद्धखेळ विकायला काढला आणि पुढे ॲव्हलॉन हिल ही कंपनी उभी केली. तिचं 'द जनरल' हे मासिक १९६४ला सुरू झालं. १९६७ साली क्रिस वॅग्नर यांनी 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' काढलं. १९६९ला ते जिम डनिगन यांच्या हाती आलं आणि तेव्हापासून प्रत्येक अंकासोबत एक अख्खा खेळ जाऊ लागला: नकाशा, सोंगट्या, नियम आणि त्या लढाईवरचा मोठा लेख. वाचकांनी खेळून पाहायचं आणि एक ते नऊ या मापानं गुण कळवायचे. पुढं कोणते खेळ करावेत यालाही वाचकच गुण देत. वाचकाचं मत इतक्या गांभीर्यानं घेणारी मासिकं फार नव्हती, आणि त्या मतांचा उपयोगही झाला. नियमांतल्या चुका सापडल्या, नकाशावरच्या विसंगती दुरुस्त झाल्या. हे श्रेय मी नाकारत नाही.

पण गुणांच्या या पद्धतीतून दोन खोडी शौकिनांच्या अंगी मुरल्या. पहिली, ओळखीच्याच विषयाला मत देण्याची. नेपोलियन, अमेरिकेची यादवी, दुसरं महायुद्ध हेच विषय पुन्हा पुन्हा वर येत राहिले, कारण मत देणाऱ्याला तेच ठाऊक होते. ज्या लढाईचं नाव वाचकानं ऐकलेलं नाही तिला तो नऊपैकी आठ कशाला देईल? लोकप्रियता मोजायला निघालेली पट्टी अशी इतिहासाला कुंपणं घालत गेली. दुसरी खोड म्हणजे दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखी संधी हवी, हा हट्ट. बुद्धिबळात तो रास्त आहे, दोन्हीकडे सोळा सोळा मोहरी असतात. पण कुठल्या लढाईत सैन्यं अशी मोजूनमापून समोरासमोर उभी राहिली?

समतोल म्हणजे सारखं बळ नव्हे, हे आपल्याकडच्या पोरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंगणातल्या फरशीवर कोळशानं रेघा ओढून आम्ही वाघबकरी खेळायचो. वाघ मोजके, बकऱ्या भरपूर. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरीला मात्र काहीच खाता येत नाही. तिच्या हाती एकच गोष्ट असते, सगळ्यांनी मिळून वाघाची वाट बंद करणं. नेपाळच्या बाघचालमध्ये चार वाघांना वीस बकऱ्या असतात, इतर ठिकाणी आकडे बदलतात, तत्त्व तेच. दोन्हीकडचं बळ वेगळं, चाल वेगळी आणि जिंकणं म्हणजे काय तेही वेगळं. बकरीला उडी मारता येत नाही म्हणून हा खेळ वाईट, असं आमच्यातलं कुणी कधी म्हटलं नाही. ज्या मुलखात वाघबारसेला वाघोबाची पूजा होते, तिथल्या पोरांना वाघ आणि बकरी बरोबरीचे नसतात हे शिकवावं लागत नाही.

आजचे चांगले वॉरगेम याच वाटेनं चालले आहेत. ब्रूस मॅन्सफिल्ड यांचा 'गांधी' हा खेळ जीएमटी कंपनीनं २०१९ साली काढला. त्यात १९१७ ते १९४७ या काळातल्या चार बाजू आहेत: ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. चौघांची साधनं वेगळी आणि चौघांचं जिंकणंही वेगळं. अशा पटावर चौघांच्या हाती सारखंच बळ मागणं म्हणजे स्वातंत्र्यलढा कळलाच नाही असं म्हणणं होय. आमच्या पानिपतच्या पटावरही भाऊसाहेबांना जिंकण्यासाठी अब्दालीचा पाडाव करावा लागत नाही. निम्मी फौज सुखरूप दक्षिणेकडे काढली तरी डाव मराठ्यांचा. मित्रानं नियमांचं ते पान वाचलं होतं, पण असं जिंकणं त्याला जिंकणं वाटलं नाही. १४ जानेवारी १७६१च्या संध्याकाळी ज्यांची माणसं परतली नव्हती त्यांना ते काय वाटलं असतं, एवढं त्यानं मनाशी विचारून पाहावं.

"निकाल आधीच ठाऊक असतो, मग गंमत काय?" हा दुसरा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. २३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई घ्या. केळणा नदीला पुढं उतार नाही असं वाटाड्यांनी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला सांगितलं होतं. पण नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर दिसली, आणि अशी गावं असतील तर मधून वाट असणारच, असा तर्क त्यानं केला. उतार सापडला, फौज पलीकडे गेली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेला बाजू बदलून उभं राहावं लागलं. पटावर हा उतार छापून टाकला तर शिंद्यांकडचा खेळाडू पहिल्याच डावात तिथं तोफा रोखील आणि लढाई खोटी होईल. म्हणून जाणता रचनाकार उतार लपवतो. कुठल्या घरात तो आहे हे नदीपाशी पोचल्यावर चिठ्ठी उघडूनच कळतं. मग दोन्ही खेळाडू त्या दिवशीच्या सेनापतींइतकेच अंधारात राहतात. खेळाडूंनी मासिकांतून मतं द्यायची ती अशा गोष्टींवर द्यावीत. रचनाकारानं काय लपवलं, काय उघडं ठेवलं, कुणाला सोंगटी दिली आणि कुणाला नुसती जमीन मानलं, हे विचारावं. वॉरगेम हा भूतकाळाबद्दल मांडलेला युक्तिवाद असतो. युक्तिवादाला गुण देऊन भागत नाही, उत्तर द्यावं लागतं.

आणि कुणाला सोंगटी दिली हा प्रश्न निघाला की मला जव्हारबद्दल बोलावंच लागतं.

जीएमटीचाच 'विजयनगर' नावाचा खेळ आहे. १२९० ते १३९८ हा त्याचा काळ आणि बाजू तीन: दिल्लीची सल्तनत, बहमनी आणि विजयनगर. खेळ मला आवडतो. पण याच काळात, १३४३ साली, आमच्या जयाबा मुकण्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली आणि नेमशहा हा किताब दिला. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख त्याच्याकडे होता अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. त्या दिवसापासून इथं नवा शकच सुरू झाला आणि दरबारच्या कागदांवर तो पुढं बराच काळ चालला. त्या तिघांत जव्हार नाही, आणि तेवढ्या मोठ्या पटावर ते नसणं मी समजू शकतो. पण पुढं काय झालं पाहा. बहमनी राज्याची पाच शकलं झाली. दिल्लीची सल्तनत १५२६ला पानिपतावरच संपली. विजयनगर १५६५च्या राक्षसतागडीनंतर पुन्हा उभं राहिलं नाही. जव्हार १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत राहिलं. सहाशे पाच वर्षं. पटावर ज्यांच्या सोंगट्या आहेत ते तिघेही गेले आणि जिला सोंगटीच मिळाली नाही ती गादी टिकली. सारख्या बळाच्या मापात ही गोष्ट बसत नाही, म्हणून ते माप अपुरं आहे.

जव्हार टिकलं ते कसं? पश्चिमेला किनाऱ्यावर पोर्तुगीज, उत्तरेला सुरतेपर्यंत आणि पूर्वेला नाशिककडे मुघल, दक्षिणेकडून वर येणारे मराठे. १६६४च्या जानेवारीत सुरतेवर जाण्याआधी शिवाजी महाराज इथं शिरपामाळावर थांबले, राजा विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं, आणि महाराजांच्या शिरोभूषणात मानाचा तुरा खोवला म्हणून त्या माळाचं नाव शिरपामाळ, असं आमच्याकडे सांगतात. तिथं आज स्मारक आहे, शाळांच्या सहली जातात, गुरुजींनीही कितीतरी पोरांना तिथं नेलं आहे. पण १६७२च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं आणि त्याच विक्रमशहांना मुघलांच्या मुलखात आसरा शोधावा लागला, ही गोष्ट सहलीत कुणी सांगत नाही. मधे आठच वर्षं गेली होती. गादी पुन्हा सावरली. पुढं पेशव्यांच्या काळात मुलूख आकसत गेला, आणि १७८२ला राजाकडे वर्षाला पंधरा-वीस हजार उत्पन्नाचीच जमीन उरली. तरीही राज्य राहिलं.

आता गुरुजींना आदरानं विचारतो. शत्रूच्या बाजूनं बसू नये असं तुम्ही म्हणता. मग १६७२च्या पटावर जव्हारच्या माणसानं कुठं बसायचं? विक्रमशहांच्या बाजूला बसलो तर समोर मोरोपंत, म्हणजे स्वराज्याची फौज. मोरोपंतांच्या बाजूला बसलो तर समोर आपलंच गाव. दोन्ही आपलेच आहेत. स्वराज्याला सुरतेची वाट मोकळी हवी होती हेही खरं, आणि त्या वाटेवरच्या छोट्या राजाला आपली गादी हवी होती हेही तितकंच खरं. शिरपामाळाच्या सहलीतून यातलं पहिलंच सत्य पोरांच्या हाती लागतं. दोन्ही हाती लागायला पट मांडावा लागतो, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं.

शत्रूचं सोंग घेतल्यानं अपमान होतो, हे म्हणणं तर आपल्या मुलखात टिकूच नये. मोखाड्याचा बोहाडा गुरुजींनी जन्मभर पाहिला आहे. रात्रभर संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग येतं. गणपती येतो, नरसिंह येतो, दहा तोंडांचं ओझं खांद्यावर तोलत रावण येतो, आणि शेवटी जगदंबेपुढं महिषासुर उभा राहतो. महिषासुराचा मुखवटा चढवणारा माणूस आपल्याच गावचा असतो. त्याला कुणी बोल लावत नाही, उलट ते सोंग घ्यायला मिळणं हा मान समजतात. तो जीव तोडून नाचला नाही तर देवीच्या विजयाला अर्थ राहत नाही, हे टेंभ्याच्या उजेडात बसलेल्या आजीबाईलाही कळतं. अब्दालीच्या जागी बसून मी तेच केलं. मी नीट खेळलो नसतो तर भाऊसाहेबांपुढचा पेच भाच्याला कळलाच नसता.

"इतिहासात जर-तरला अर्थ नसतो" हे वाक्य आपल्याकडे फार चालतं, त्या दिवशी गुरुजींनीही ते ऐकवलं. पण अन्न संपल्यामुळं पानिपतावर हार झाली असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा अन्न असतं तर निकाल बदलू शकला असता, हेच दुसऱ्या शब्दांत सांगत असतो. सूरजमल जाटानं सुचवल्याप्रमाणे जड सामान आणि बुणगे मागं ठेवले असते तर? त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतवर जे लिहिलं त्यात भाऊसाहेबांच्या एकेका निर्णयाचं वजन तोललं आहे, आणि दुसरा पर्याय समोर ठेवल्याशिवाय निर्णय तोलता येत नाही. कारणाचा प्रत्येक शोध जर-तरवरच उभा असतो. कल्पनेचं बोट धरून कुठंही भटकणारं जर-तर मलाही नको आहे. पट त्याला वेसण घालतो. किती दाणागोटा, किती कोस, किती दिवस, हे आकडे मोडून तुम्हाला हवी ती गोष्ट पटावर घडवता येत नाही.

वेसण सोडली की काय होतं त्याचं उदाहरण जपानी आरमाराचं आहे. मिडवेच्या मोहिमेआधी १९४२ साली त्यांनी पटावर सराव केला. त्यात अमेरिकी विमानांच्या बॉम्बखाली जपानची दोन विमानवाहू जहाजं बुडाली. फुचिदा या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे की पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी बॉम्ब लागल्याचा आकडाच कमी केला आणि बुडालेलं एक जहाज पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागलं. प्रत्यक्ष मिडवेला जपाननं चार विमानवाहू जहाजं गमावली. शत्रूच्या जागी बसलेल्याला मनापासून खेळू न देण्याची ती किंमत होती.

माझी बाजू निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पुठ्ठ्याच्या सोंगटीत माणूस दिसेनासा होतो, हा गुरुजींच्या रागातला खरा अंश आहे. आमच्या पानिपतच्या पटावर एक सोंगटी यात्रेकरू, बायकामुलं आणि बुणग्यांची आहे. तिच्यावर ताकद शून्य आणि दाणागोटा मात्र दर डावाला लागतो. चौथ्या डावात भाच्याचं बोट त्या सोंगटीवर अडलं. तिला मागं टाकलं तर फौज दोन घरं जास्त चालली असती. त्यानं विचारलं, "मामा, यांना सोडून जाता येतं का?" नियमात येतं, मी म्हणालो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि त्यांना सोबत घेऊनच पुढं गेला. डाव तो हरला. त्या शून्याच्या आकड्याआड हजारो जीव होते हे त्या गप्पपणात त्याला कळलं असावं. पण हे दर वेळी घडेलच असं नाही. म्हणूनच 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स'नं खेळासोबत लेख देण्याची जी रीत पाडली ती मला मोलाची वाटते. लेखानं माणसं सांगायची आणि पटानं त्यांच्यासमोरचा पेच. एकट्या पटाचा कैवार मी घेत नाही.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो. जव्हारला सोंगटी मिळाली तरी ती राजाचीच असेल. मुकण्यांच्या आधी हा मुलूख एका वारली नायकाकडे होता, अशी आख्यायिका आहे. बैलाच्या एका कातड्यात मावेल तेवढीच जमीन जयाबांनी मागितली, त्यानं हो म्हटलं, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून जयाबांनी सगळा मुलूखच वेढून घेतला. नायकाला गंभीरगडाकडची जमीन देऊन वाटेला लावलं. म्हणजे या डोंगरात सगळ्यात आधी हरला तो वारली, आणि गादीची सहाशे वर्षं मोजताना आपण त्याला पुन्हा विसरतो. १९४५ साली डहाणू-उंबरगाव-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा कुठं जमीन कसणाऱ्याची स्वतंत्र बाजू साऱ्या महाराष्ट्राला दिसली. म्हणून हरणाऱ्याच्या जागी बसा असं सांगताना मला हेही सांगावं लागतं की त्या जागेखाली आणखी एक जागा असते. चांगला पट तीही मांडू शकतो, आणि जो मांडत नाही त्याला खेळाडूंनी जाब विचारावा.

तक्रार करून थांबणं मला पटत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि तेव्हापासून कथा, कविता, व्यंगचित्रं, भविष्य सगळं त्यात सामावलं. घडी घातलेला एक पट का सामावू नये? १६६० ते १६८० हा काळ, सुरतेपासून जुन्नरपर्यंतचा नकाशा, पश्चिमेला वसई आणि दमण, पूर्वेला नाशिक. मराठे, मुघल, पोर्तुगीज आणि जव्हार अशा चार बाजू. जव्हारकडे भूपतगड, मूठभर शिबंदी आणि राजाची एकच सोंगटी. त्याला कुणाचा पाडाव करायचा नाही. शेवटच्या डावाला ती सोंगटी जव्हारात असली की तो जिंकला. सोबत लेख हवा, त्यात शिरपामाळही हवा आणि मोरोपंतांची मोहीमही. वाचकांनी पट खेळावा आणि गुणांऐवजी पत्र लिहावं: कुठं पटलं, कुठं नाही, कुणाला जागा द्यायची राहिली.

तोवर आम्ही तो पट घरीच काढायला घेतला आहे. येत्या वाघबारसेला ओटीवर मांडू. ठाण्याच्या मित्राला मोरोपंतांची फौज द्यायची ठरली आहे, समोर मूठभर शिबंदी पाहून त्याला काय वाटतं ते मला ऐकायचं आहे. विक्रमशहांची जागा गुरुजींसाठी मोकळी ठेवली आहे. त्यांनी यावं, त्या एका सोंगटीवर हात ठेवून नकाशा नीट पाहावा, आणि मग आम्हाला हवं ते बोलावं.